चाखल्याशिवाय सही नाही

तायडे सरांच्या स्काउट पथकातली मुलं जेवढी सत्कृत्यं करायची, तेवढी गरज आमच्या गावाला नव्हती.

हिशेबच सांगतो. पथकात चोवीस मुलं. स्काउटनं रोज एक सत्कृत्य करायचं असा नियम. म्हणजे आठवड्याला एकशे अडुसष्ट. गाव किन्हीराजाच्या पलीकडचं, लहानसं. पहिल्या पंधरवड्यात वाटेवरचे काटे उचलून झाले, चुकलेल्या शेळ्या घरी पोचवून झाल्या, म्हाताऱ्यांची पत्रं वाचून झाली. तिसऱ्या आठवड्यात काटे संपले. मग मुलं कौसाबाईकडे वळली. कौसाबाई एकटी राहणारी म्हातारी, आणि तिच्या घरी रांजण एकच. एका सकाळी त्या रांजणात अकरा मुलांनी पाणी ओतलं. दुपारी ती शाळेत आली, लुगड्याचा काठ चिखलानं भरलेला.

"कोण्या मास्तरनं शिकवलं रे हे पोरायले? माह्या घरात वाफा झाला वाफा! आता काय कांदे लावू तिथं?"

तायडे सरांनी तिची माफी मागितली, मुलांना तिचं घर सारवायला पाठवलं आणि वही काढून अकरापैकी दहा सत्कृत्यांवर लाल शाईची रेघ मारली.

"रांजण एकाच पोरानं भरला," ते मला म्हणाले. "बाकीच्यायनं नुसतं पाणी सांडलं. सांडण्याचं सत्कृत्य होत नाई."

हे सन पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराचं. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात मोडत होतो. मी शाळेत गणित शिकवायला नवीन लागलो होतो. हेडमास्तरांनी मला तायडे सरांचा साहाय्यक नेमलं. कारण माझी स्काउटची आवड नव्हे, तर शनिवारचा माझा शेवटचा तास रिकामा होता. मला स्काउटमधलं काहीही येत नव्हतं. तायडे सरांना ते आवडलं असावं. "कोरी पाटी बरी," ते म्हणाले, "आधीचं खोडा लागत नाई." मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "ओ गणितवाले" एवढंच.

सर चित्रकला शिकवायचे. मूळचे कामरगावकडचे. छप्पन्न साली घरचे सगळे बौद्ध झाले तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. अंगानं उंच आणि इतके किरकोळ, की स्काउटच्या खाकी अर्ध्या चड्डीत त्यांचे दोन पाय म्हणजे दोन घंटांमधले दोन लोलक वाटायचे. चड्डीला कांजी भरपूर. खाली बसताना आधी चड्डी बसायची, मग सर बसायचे. डोक्यावर टोपी चढली की ते पुस्तकी मराठी बोलायचे, "बालकांनो, आपापल्या जागी स्थिर व्हा." टोपी उतरली की "काय बे, काहून बोंबलून राह्यले?" मुलांना याची इतकी सवय होती, की काही मनासारखं हवं असेल तर ती टोपी उतरेपर्यंत थांबायची.

त्यांच्याजवळ स्काउटचं एक जुनं पुस्तक होतं. मेणकापडात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं. कोणत्याही वादात त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "पुस्तकात काय लिह्यलं हाये?" आणि उत्तर त्यांना पान क्रमांकासह पाठ असायचं. पुस्तकाची एकशे बारा पानं होती. त्यांतली सहा वाळवीनं खाल्लेली. नेमकी ती पानं पाण्यात बुडालेल्या माणसावरच्या प्रथमोपचाराची होती. सरांनी याचाही सरळ मार्ग काढला. पथकातल्या एकाही मुलानं विहिरीच्या दहा पावलांच्या आत जायचं नाही. "बुडालेल्याचं पान नाई आपल्यापाशी," ते निर्वाणीचं सांगायचे. "म्हणून बुडाचं नाई."

पुस्तकावर त्यांची श्रद्धा होती, पण ती आंधळी नव्हती. एकदा शाळेच्या आवारात ते खुंट्याला दोर बांधायची गाठ शिकवत होते. एका मुलाचा बाप बैलजोडी घेऊन कुंपणाबाहेरून चालला होता. तो थांबला, पाहत राहिला आणि हसायला लागला.

"सर, ह्या गाठीनं बैल बांधला त उद्या रिसोडच्या बाजारात सापडन."

सरांनी त्याला आत बोलावलं. त्यानं दाव्याची गाठ मारून दाखवली. दोन हिसडे दिले, तीन दिले, गाठ हलली नाही. सरांनी ती तीन वेळा स्वतः मारून पाहिली, पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं तिचं चित्र काढलं आणि मुलांकडे वळून म्हणाले, "परीक्षेले पुस्तकाची, बैलाले बापाची." हे वाक्य आमच्या शाळेत पुढं कितीतरी वर्षं चाललं. त्याचा उपयोग मी व्याकरणापासून लग्नापर्यंत सगळीकडे झालेला ऐकला आहे.

स्काउटमध्ये पायऱ्या असतात. आधी प्रवेश, मग द्वितीय श्रेणी, मग प्रथम श्रेणी, सर्वांत वर राष्ट्रपती स्काउट. आमच्यासारख्या गावात प्रवेशावरच गाडी थांबायची. बाकी पथकं कवायतीपुरती, झेंडावंदनाला रांगेत उभी राहण्यापुरती. सरांनी मात्र त्या वर्षी सहा मुलं द्वितीय श्रेणीला बसवायचं ठरवलं. गाठी, झेंड्यांच्या खुणा, जखम बांधणं, दिशा ओळखणं, पावलांवरून अंतर मोजणं आणि शेवटी स्वयंपाक. उघड्यावर, जास्तीत जास्त दोन काड्यांत चूल पेटवून दोन माणसांपुरतं जेवण करायचं.

दोन काड्यांचा सराव सरांच्या स्वतःच्या घरीही चालायचा. एकदा मी त्यांच्याकडे गेलो, तर वहिनी चुलीपुढे बसलेल्या आणि सर मागं उभे.

"पाहा ना भाऊ," वहिनी मला म्हणाल्या, "तिसरी काडी ओढली की हे नापास म्हणते मले. लग्नाले अकरा वर्षं झाले. आता मी कोणता बिल्ला लावू लुगड्याले?"

"वारा कोणीकडून होता ते पाह्यलं नाई तुनं," सर शांतपणे म्हणाले.

त्या सहा मुलांत गौतम सगळ्यांत तयार होता. बाप मजुरीनं जाणारा, घर बौद्धवाड्यात, सरांच्या घरापासून चौथं. मुलगा दहावीला. म्हणजे शाळेत त्याचं हे शेवटचं वर्ष. नाताळच्या सुटीत मुंबईकडे कुठंतरी राज्याचं मोठं शिबिर होतं आणि द्वितीय श्रेणी मिळालेल्यांनाच तिथं जाता येणार होतं. नावं नोव्हेंबरअखेर पाठवायची होती. गौतमनं मुंबई तर सोडाच, आगगाडीही पाहिली नव्हती. रात्रीच्या गाडीत झोपायला जागा मिळते का, हा प्रश्न त्यानं मला निदान चार वेळा विचारला असेल.

परीक्षक महिन्यातून एका शनिवारी रिसोडकडून यायचे. नाव लिहीत नाही. ते आता हयात नाहीत, आणि त्यांच्याशी माझं वैर नव्हतं. माणूस कामाला चोख. दोराचं टोक बोटभर जास्त सुटलं तर गाठ परत मारायला लावायचे. जिभेनंही चोखंदळ होते. सरांना ते मनातून आवडायचे. "पुस्तकाचा माणूस हाये," ते म्हणायचे. याहून मोठी पदवी त्यांच्याजवळ नव्हती.

ऑगस्टमध्ये पहिली परीक्षा झाली. गौतमची नोंद मी ठेवत होतो. गाठी पूर्ण, खुणा पूर्ण, जखमेची पट्टी पूर्ण, अंतराच्या अंदाजात शंभर पावलांत दोन पावलांची चूक. स्वयंपाकाला सहा चुली मांडल्या. परीक्षकांनी एकेका चुलीपाशी जाऊन भाकर मोडली, बेसन लावलं, चाखलं. पाच चुली झाल्या. सहाव्या चुलीपाशी, म्हणजे गौतमच्या, त्यांनी पोटावरून हात फिरवला.

"आता जागाच नाही हो. याचं पुढच्या खेपेला पाहू."

हे एखाद्याच्या बाबतीत होऊ शकतं. सहावा नंबर कोणाचा तरी असणारच. मी नोंदवहीत "बाकी" असं लिहिलं.

सप्टेंबरमध्ये सरांनी गौतमची चूल पहिली मांडली. या खेपेला बाकी राहिलेला तो एकटाच होता, त्यामुळे पहिलीही तीच आणि शेवटचीही तीच. एका काडीत पेटवली. भाकर अशी फुगली, की बघणारी मुलं ओरडली. परीक्षक आले, वाकून पाहिलं, आणि म्हणाले, "वा! सुरेख. पण आज शनिवार. माझा उपास असतो."

मी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे. ऑगस्टची परीक्षाही शनिवारीच झाली होती आणि त्या दिवशी साहेबांनी पाच भाकरी मोडल्या होत्या. हे आम्ही दोघंही मोजू शकत होतो.

"पण त्यात काय एवढं," परीक्षक खिशातून पेन काढत म्हणाले, "दिसतंय की चांगलं झालेलं. आणा कार्ड, पास करून टाकतो."

गौतमचा चेहरा उजळला. कार्ड त्याच्या खिशात होतं. ते त्यानं काढलंही. सरांनी ते मधल्या मधे आपल्या हातात घेतलं. डोक्यावर टोपी होती, त्यामुळे ते शुद्ध बोलले.

"क्षमा करा साहेब. पान चौऱ्याहत्तर. परीक्षकाने अन्न चाखून पाहावे, असे आहे. पाहून पाहावे, असे नाही."

"अहो, मी देतोय ना पास!"

"आपण देत आहात. नियम देत नाही. चाखल्याशिवाय सही नाही."

परीक्षकांनी पेन खिशात ठेवलं. लाल झाले, पण पुस्तकाच्या माणसाला पुस्तकापुढं बोलता येईना. "मग पुढच्या महिन्यात," एवढं म्हणून ते मोटारीच्या वेळेआधीच निघाले.

त्या संध्याकाळी गौतमचा बाप सरांच्या दारात आला. मी तिथंच होतो.

"सर, साहेब देऊनच राह्यले होते. तुमी काहून अडवलं? पोरगं जेवलं नाई दुपारपासून."

"भाऊ, बस."

"बसत नाई. मले सांगा, कागदावर सही पाह्यजे का सायबाच्या तोंडात घास पाह्यजे?"

सरांची टोपी खुंटीला होती.

"दोनी पाह्यजे," ते म्हणाले. "बाकीच्या पाच पोरायच्या बिल्ल्यात घास हाये. ह्याच्याच बिल्ल्यात कायले नसावा?"

बाप उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "मंग? त्याईचा उपास त दर शनिवारी लागन आता."

"लागू दे," सर म्हणाले. "आपण उपासाचं करू."

इथं एक अडचण होती. तायडे सरांच्या घरी किंवा गौतमच्या घरी उपास कोणीच करत नसे. भगर रांधायची कशी, त्यात काय चालतं, काय चालत नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. सरांनी पुस्तक उघडलं. त्यात भगर नव्हती. मी सरांना तसं हताश झालेलं पहिल्यांदाच पाहिलं. मग ते माझ्याकडे वळले. "गणितवाले, तुमची माय सोमवार करते ना?"

माझ्या आईनं सगळं सांगितलं आणि मी लिहून घेतलं. भगर, शेंगदाण्याची आमटी, जिरं चालतं, हळद नाही, आणि मीठ साधं नाही, सैंधव. सर हळदीपाशी अडले. "हळदीनं काय केलं?" मी आईला विचारून आलो. ती म्हणाली, चालत नाही म्हणजे नाही. सर म्हणाले, "असो. नियम हाये." सैंधव आमच्या गावच्या दुकानात नव्हतं. आईनं तिच्या डब्यातला सुपारीएवढा खडा कागदात बांधून दिला आणि बजावलं, "जपून वापरा म्हणावं, दिवाळीपर्यंत पुरवायचा आहे."

माझ्या हातून झालेली चूक इथंच सांगतो. आईनं "जपून" म्हटलं ते खडा एकच होता म्हणून. मी तो शब्द जसाच्या तसा पोचवला, कारण सांगितलं नाही. सरांनी आणि गौतमनं त्याचा अर्थ असा लावला, की हे मीठ फार कडक असतं.

ऑक्टोबरचा शनिवार आला. बेसन-भाकरीचं सामानही तयार होतं, भगरीचंही. परीक्षक आले, खुर्चीत बसले.

"साहेब, आज काय करावे बालकाने?" सरांनी विचारलं.

"काहीही करू द्या. माझा उपास आहे."

"गौतम," सर म्हणाले, "दुसरे सामान."

गौतमनं पितळी गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढवलं. परीक्षक आधी दुसरीकडे पाहत होते. भगरीचा वास आला तसे हळूच वळले. सर त्यांच्यापाशी जाऊन एकेक वस्तू सांगत होते. "भगर. शेंगदाणे. जिरे. हळद नाही. मीठ सैंधव, या गणिताच्या सरांच्या मातोश्रींनी दिलेले. तूप त्यांच्याच घरचे. काही राहिले असल्यास सांगावे."

काही राहिलं नव्हतं. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पोट भरलेलं नव्हतं, उपास मोडत नव्हता. पळसाच्या पानावर गौतमनं भगर वाढली, वर आमटी ओतली, आणि दोन पावलं मागं सरकून सावधान उभा राहिला. तेवीस मुलं आणि आम्ही दोन मास्तर, सगळे त्या पानाकडे बघत होतो. माझ्या अंदाजानं मिनिटभर काहीच झालं नाही. एक मिनिट म्हणजे फार मोठा वेळ असतो.

मग त्यांनी दोन बोटांनी चिमूटभर भगर उचलली आणि तोंडात टाकली. चावली. थांबले. कपाळाला आठी पडली. दुसरा घास घेतला, या वेळी चांगला मोठा, आमटीत कालवून. तोही चावला. आणि त्यांच्यातला चोखंदळ परीक्षक जागा झाला.

"मीठ कमी आहे!"

"साहेब?"

"अहो, मीठच नाही म्हटलं तरी चालेल. शिजलंय बरोबर, आमटी पातळ नाही, पण अळणी. हे कसं खाणार माणूस? नाही, याला पास देता येणार नाही. मग बाकीच्यांवर अन्याय होईल." त्यांनी कार्ड ओढून घेतलं, लिहिलं आणि झोकात सही केली.

गौतमच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तायडे सर हसायला लागले. इतके, की त्यांनी टोपी काढून हातात घेतली. परीक्षक निघून गेल्यावर गौतम त्यांच्यावर ओरडला. आपल्या सरांवर आवाज चढवायची त्याची ती पहिलीच वेळ असावी.

"मी नापास झालो न तुमी हासून राह्यले, सर?"

"कार्ड वाच बे आधी. काय लिह्यलं?"

"नापास."

"त्याच्या खाली?"

"मीठ कमी."

"खाल्ल्याबिगर कोणाले समजते काय ते?"

गौतम कार्डाकडे पाहत राहिला. त्याला पटलं असं मी म्हणणार नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला नापास म्हणजे नापासच. नोव्हेंबरमध्ये, नावं पाठवायच्या आठवडाभर आधी, परीक्षक परत आले. शनिवारच होता. या वेळी त्यांनी उपासाचं नाव काढलं नाही, गौतमची बेसन-भाकर पाटावर बसून पूर्ण खाल्ली आणि मिठाबद्दल काही तक्रार केली नाही. गौतम शिबिराला गेला. गाडीत झोपायला जागा मिळाली नाही म्हणाला, पण झोप कोणाला येत होती.

सरांची त्यानंतर दीड वर्षानं कामरगावकडे बदली झाली. मी पन्नाशीला आलो आहे. त्यांचा विषय निघाला की मला ना शिबिर आठवतं ना बिल्ला. आठवते ती ऑक्टोबरची संध्याकाळ. परीक्षक गेलेले. उरलेल्या भगरीचा गंज शाळेच्या पायरीवर, त्याच्याभोवती सर आणि मुलं. गौतम तोंड फिरवून बसलेला, पण सरांनी पुढं केलेला घास घेत होता. मी चार हात अंतरावर नोंदवही लिहीत होतो. शिक्षकांच्या खोलीत सव्वा वर्ष मी आणि सर एकाच बाकावर डबा उघडत होतो, आणि एकमेकांच्या डब्यातलं कधी घेतलं नव्हतं. मी दिलं नव्हतं, त्यांनी मागितलं नव्हतं. परीक्षकांच्या सबबी मी तारखेवार मोजल्या. माझ्याजवळ सबबसुद्धा नव्हती.

"ओ गणितवाले," सरांनी हाक मारली. पळसाच्या पानावर थोडी भगर घेऊन ते हात लांब करून उभे होते. "तुमी नोंद केली. खरी हाये का नाई, तपासाले नको?"

मी वही मिटली, पान घेतलं आणि पायरीवर त्यांच्या शेजारी बसून सगळं खाल्लं. मीठ खरोखरच कमी होतं.